बापाची पॉइंट टू-टू

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत म्हातारे आईवडील गेले आणि मुलांनी घर आवरायला काढलं, की दोन-तीन गोष्टी हमखास निघतात. माळ्यावरची फोटोंची खोकी, गॅरेजमधली गंजकी अवजारं आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या पार मागच्या कोपऱ्यात उभी करून ठेवलेली एक सडपातळ रायफल. ही हरणाच्या शिकारीची मोठी रायफल नव्हे, की कुणी लढाईवरून आणलेलीही नव्हे. लांबीला आखूड, वजनाला हलकी, दस्त्यावर ओरखडे, नळीवर गंजाचे ठिपके. घर आवरणारा पन्नाशी-साठीचा माणूस ती हातात घेतो आणि लगेच ओळखतो. शाळकरी वयात त्यानं पहिला बार काढला तो हिच्यातून, आणि पुष्कळदा त्याच्या बापानंही.

अशा रायफलीला बाजारात फारशी किंमत येत नाही. त्या लाखांनी बनल्या आणि स्वस्तात विकल्या गेल्या. विकून काही हाती लागत नाही म्हणूनच त्या घरात राहिल्या. पण नीट पाहिलं, तर मुलाच्या हाती बंदूक देताना त्या समाजानं काय काय गृहीत धरलं होतं, ते या स्वस्त वस्तूत स्पष्ट वाचता येतं.

चिमुकलं काडतूस

या रायफलींचं कूळ त्यांच्या काडतुसापासून सुरू होतं. १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या फ्रेंच कारागिरानं बंदुकीचा बार पेटवायला वापरतात त्या धातूच्या टोपीलाच एक बारीक गोळी बसवली. त्यात दारू वेगळी नव्हती, टोपीतल्या स्फोटकाच्या जोरावरच गोळी सुटे. दिवाणखान्यात नेमबाजी करण्याची श्रीमंतांची हौस त्यावर भागत असे. १८५७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं हीच कल्पना पुढे नेली आणि आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी ‘पॉइंट टू-टू शॉर्ट’ (म्हणजे ०.२२ इंची) काडतूस काढलं. मग १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सच्या जे. स्टीव्हन्स कंपनीनं ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ बाजारात आणलं. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी ते तसंच चालू आहे.

या काडतुसाच्या पितळी नळकांड्याला बुडाशी एक बारीक काठ असतो. काठाच्या आतल्या पोकळीत स्फोटक मिश्रण भरलेलं असतं. चाप ओढला की पिन काठावर आपटते, काठ चेपतो, मिश्रण पेट घेतं आणि त्यानं आतली दारू पेटते. गोळी शिशाची, वजन साधारण २.६ ग्रॅम. काठ चेपायला हवा म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणून आतला दाब बेतानंच ठेवावा लागतो. दाब बेताचा, म्हणून खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही आणि आवाजही फार होत नाही. रायफलही हलकी आणि साधी बनवता येते. मुलांसाठी म्हणून हे काडतूस कुणी मुद्दाम शोधलं नव्हतं, पण मुलांच्या हाताला ते आयतंच बसलं.

शेतावरच्या घराला त्याचा उपयोगही होता. खारी आणि ससे मारून मुलगा रात्रीच्या जेवणाला हातभार लावी, कणगीवर येणारे उंदीर-घुशी टिपी. गोळी लहान म्हणून निरुपद्रवी मात्र नव्हती. ती दीड मैलापर्यंत जाऊ शकते, असा इशारा काडतुसांच्या खोक्यावर छापलेला असतो.

रायफलीच्या आधीची पायरी होती छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीची. मिशिगनमधल्या प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती. पवनचक्क्यांचा खप मंदावला तेव्हा, म्हणजे १८८० च्या दशकात, तिनं गिऱ्हाईक शेतकऱ्यांना चक्कीबरोबर हवाई बंदूक भेट द्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत लोकांना चक्कीपेक्षा बंदूकच हवीशी झाली आणि १८९५ मध्ये कंपनीनं बंदुकीचंच नाव स्वतःला लावलं: डेझी. मुलानं आधी डेझीवर हात बसवायचा, मग बापाच्या पॉइंट टू-टूला हात लावायचा, असा क्रम अनेक घरांत ठरून गेला.

एका वेळी एकच गोळी

युटामधल्या ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग हा बंदुका बनवणाऱ्या बापाचा मुलगा. त्यानं आखलेली पिस्तुलं आणि मशीनगन पुढे जगभरच्या सैन्यांनी वापरल्या. सामान्य घराला परवडेल अशी एकबारी पॉइंट टू-टू रायफलही त्यानंच आखली, आणि विंचेस्टर कंपनीनं ती ‘मॉडेल १९००’ म्हणून विकली. त्या घराण्यातली सर्वांत ओळखीची वारसदार म्हणजे ‘मॉडेल ६७’. ती १९३४ ते १९६३ या काळात बनत होती आणि सुमारे ३ लाख ८३ हजार नग बाहेर पडले. नेहमीच्या रायफलीची नळी २७ इंचांची. मुलांसाठीच्या ‘ज्युनियर’ प्रकारात नळी २० इंचांची आणि दस्ताही आखूड, म्हणजे गाल दस्त्याला टेकवला की खाच आणि माशी एका रेषेत येतील आणि बोट चापापर्यंत पोचेल.

ही रायफल भरायची रीत पाहण्यासारखी आहे. तिला मॅगझिन नाही. बोल्ट वर उचलून मागे ओढायचा, खिशातून एक काडतूस काढायचं, ते बोटानं चेंबरमध्ये सारायचं आणि बोल्ट बंद करायचा. एवढं करूनही चाप ओढला तर काही होत नाही. बोल्टच्या मागच्या टोकाला एक खरखरीत गुंडी असते. ती चिमटीत धरून मागे खेचली की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि मगच रायफल उडायला तयार होते. स्प्रिंग ताठ असते, लहान मुलाला बोटांत चांगलाच जोर आणावा लागतो. बार काढला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

हे मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलं की खर्च वाचवायला? दोन्ही. १९३४ म्हणजे महामंदीचं ऐन मध्य. विंचेस्टर स्वतःच दिवाळखोरीत गेली होती आणि १९३१ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीनं तिला विकत घेतलं होतं. बोल्ट बंद करतानाच स्प्रिंग ताणणारी यंत्रणा महाग, हातानं खेचायची गुंडी स्वस्त. तिजोरीत पैसा नव्हता म्हणून भाग कमी केले आणि त्यातूनच मुलाला आवरून धरणारी रायफल तयार झाली. नेम चुकला तर दुसरी गोळी भरेपर्यंत ससा बिळात जातो, हे मुलाला दोन-तीन वेळांतच कळे. मग ते पहिल्याच गोळीला श्वास रोखून नेम धरायला शिके. काडतुसंही मोजूनच मिळत.

पुढे चित्र पालटलं. १९६४ मध्ये रूगर कंपनीनं ‘१०/२२’ काढली. तिच्या गोल फिरणाऱ्या मॅगझिनमध्ये १० काडतुसं मावतात आणि बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं. आजवर तिचे पन्नास लाखांहून अधिक नग विकले गेले. त्या पिढीनंतर अनेकांची पहिली रायफल हीच. जुन्या एकबारीत यंत्र जो विराम आपणहून देत होतं, तो इथे शिकवणाऱ्या माणसाला द्यावा लागतो.

एकबारीच्या रचनेत आणखी एक गोष्ट धरून चालली होती: शेजारी कुणीतरी मोठं माणूस उभं आहे. थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले, त्यांनी आत्मचरित्रात पहिल्या बंदुकीची हकीकत सांगितली आहे. त्यांची रायफल नव्हती, फ्रेंच बनावटीची दुनळी होती, आणि वय होतं तेरा. मित्र कशावर नेम धरतात तेच त्यांना दिसेना. त्यांनी हे वडिलांच्या कानावर घातलं आणि लवकरच चष्मा आला. मुलगा तोवर अर्ध्या धूसर जगात वावरत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. बंदुकीनं दोष उघडा पाडला, पण ऐकून घ्यायला बाप होता म्हणून इलाज झाला.

क्रमांक नसलेलं हत्यार

कपाटातून निघालेली रायफल कधीची, हा वारसाचा पहिला प्रश्न. तो क्रमांक शोधतो आणि सापडत नाही. चोरीची किंवा खाडाखोड केलेली असेल म्हणून काही जण घाबरतात. भीतीचं कारण नसतं. १९६८ पर्यंत पॉइंट टू-टू रायफलीवर क्रमांक घालण्याची कारखान्यांवर सक्ती नव्हती, आणि स्वस्त मालावर तो खर्च करायचा कशाला, असा सरळ हिशेब होता. मॉडेल ६७ अमेरिकेत बिनक्रमांकाचीच विकली गेली. सक्ती आली ती १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानं. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींची हत्या टपालानं मागवलेल्या रायफलीनं झाली होती. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि कायदा मंजूर झाला. नव्या रायफलींवर क्रमांक आला, आणि टपालानं बंदूक थेट घरी मागवण्याचे दिवस संपले.

त्याआधी सीअर्ससारख्या दुकानांच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये शर्ट, शिवणयंत्रं आणि रायफली एकत्रच असत. सीअर्स आपल्या मालावर ‘जे. सी. हिगिन्स’ आणि माँटगोमेरी वॉर्ड ‘वेस्टर्न फील्ड’ अशी नावं घाली. प्रत्यक्षात रायफल बनलेली असे सॅव्हेज, मार्लिन अशा एखाद्या कारखान्यात. त्यामुळे नळीवरचं नाव वाचून कारखाना कळतोच असं नाही.

मग वय काढायचं कसं? नळीवरच्या खुणांवरून. रेमिंग्टनची सोय सर्वांत गमतीची आहे. तिच्या नळीवर डाव्या अंगाला, जिथे नळी सांगाड्यात शिरते तिथे, नखाएवढी बारीक अक्षरं ठोकलेली असतात. त्यातलं पहिलं अक्षर महिन्याचं. कारखान्यानं बारा महिन्यांसाठी बी, एल, ए, सी, के, पी, ओ, डब्ल्यू, डी, ई, आर, एक्स अशी ओळ ठरवली होती. सलग वाचलं तर ‘ब्लॅक पावडर’, म्हणजे काळी दारू, आणि शेवटी वर एक एक्स. बी म्हणजे जानेवारी, एक्स म्हणजे डिसेंबर. पुढचं अक्षर वर्षाचं. भिंग आणि विजेरी घेऊन बसलं, की ही नळी कोणत्या महिन्यात घडली ते घरबसल्या कळतं. आजोबांनी ही कधी घेतली असेल, याबद्दलच्या घरातल्या दंतकथा तिथे बऱ्याचदा निकालात निघतात.

नळीत डोकावल्यावर

जुनी रायफल सापडली की पहिलं काम एकच. नळी निर्धोक दिशेला ठेवायची, बोटाला चापापासून दूर ठेवायचं, बोल्ट उघडायचा आणि चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटानं पाहायचं. गुंडी खेचलेली नसली तरी आत काडतूस असू शकतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं काडतूसही उडू शकतं. रिकाम्या रायफलीचा चाप उगाच ओढून पाहण्याचा मोहही टाळावा. जुन्या पॉइंट टू-टूमध्ये काडतूस नसलं की पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खोक पडते. पुढे काडतूस नीट बसत नाही, अडकतं.

त्यानंतर उजेड धरून नळीत डोकावायचं. आतल्या पिळदार खाचा स्वच्छ चमकत असतील तर रायफल नीट राखलेली. काळे खड्डे दिसले तर त्यामागे बहुधा जुनी रसायनं असतात. १९२० च्या दशकापर्यंत काडतुसाच्या काठात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा क्षार मिठासारखाच हवेतली ओल ओढतो आणि पोलाद खातो. बार काढल्यावर त्याच संध्याकाळी नळी पुसली नाही, तर काही दिवसांत गंज धरे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमिंग्टननं ‘क्लीनबोर’ या नावानं गंज न धरवणारी काडतुसं आणली आणि इतरांनीही तीच वाट धरली. तेव्हा त्याआधीची रायफल असेल आणि नळी आजही आरशासारखी असेल, तर शिकारीहून आल्यावर जेवायला बसण्याआधी नळीत चिंधी फिरवणारा कुणीतरी त्या घरात होता, एवढं खात्रीनं म्हणता येतं.

नळीवरचा निळसर काळा रंग म्हणजे मुद्दाम आणलेला, आवरलेला गंजच. तांबडा गंज पोलादाला पोखरत जातो, हा काळा थर मात्र चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. पण घामेजल्या बोटांतला क्षार त्यालाही सोडत नाही. पुष्कळ जुन्या रायफलींवर गंजाचे ठिपके नेमके मधोमध असतात, कारण उचलताना हात तिथेच पडतो. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवलेल्या रायफलींची दशा तर फारच वाईट होते. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षारही सोडतं.

दुरुस्तीत हात आखडता घ्यावा. पातळ तेल लावून एक दिवस मुरू द्यायचं, मग अगदी बारीक स्टील वूल हलक्या हातानं फिरवायचं. तांबडा गंज निघतो, काळा थर राहतो. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाच्या तेलाचा हात पुरतो. सॅंडपेपर मात्र लांबच ठेवावा. दस्ता घासून नवा केला की ओरखडे जातात, त्यांच्याबरोबर कडांची धार आणि कारखान्याच्या खुणाही जातात. संग्राहक अशा रायफलीकडे वळून पाहत नाहीत, आणि घरच्यांनाही ती ओळखीची वाटत नाही.

देणं आणि सांभाळणं

या परंपरेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयातल्या मुलामुलींच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. अपघात त्यातला लहान हिस्सा. मोठा वाटा खून आणि आत्महत्यांचा. पण पहिल्या रायफलीशी थेट जोडलेली घटनाही आहे. पेनसिल्व्हेनियातली एक कंपनी १९९६ पासून ‘क्रिकेट’ नावाची चिमुकली एकबारी बनवते आणि ‘माझी पहिली रायफल’ अशीच तिची जाहिरात करते. २०१३ मध्ये केंटकी राज्यात भेट मिळालेल्या अशा रायफलीतून पाच वर्षांच्या मुलाच्या हातून दोन वर्षांची बहीण दगावली. रायफल घराच्या कोपऱ्यात उभी होती आणि आत एक काडतूस राहून गेलं होतं. रायफल एकबारी होती आणि गुंडी हातानं खेचायचीच होती, पण त्या क्षणी शेजारी कुणी नव्हतं. यंत्रानं जेवढी काळजी घ्यायची तेवढी घेतली, उरलेली माणसानं घ्यायची होती. रायफल रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. जुन्या पिढीच्या ‘कपाटामागे उभी करून ठेव’ या सवयीला त्यात जागा नाही.

आपल्याकडे

बापाकडून मुलाकडे अशी रायफल सहज जाणं भारतात घडत नाही, आणि त्याला कायद्याचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ मध्ये आलेल्या हत्यार कायद्यानं भारतीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगणं बंद केलं. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यानं परवाना कायम ठेवला, आणि वयाची अट आता २१ वर्षांची आहे. कोडगूमधल्या कोडव समाजाला सवलत आहे, आणि तिथे बंदूक घरातल्या सणाचा भाग आहे. बाकीच्यांना बंदूक वारशानं मिळते तीही कागदांतून. परवानाधारक वारला की वारसाला हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. वडील हयात असतील तर २०१६ च्या नियमांनुसार त्यांचं वय ७० झालं किंवा हत्यार त्यांच्याकडे २५ वर्षं असलं, की वारसाला अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. अमेरिकेतली ती रायफल क्रमांकाशिवाय तीन पिढ्या फिरते. आपल्याकडे वाड्यातल्या जुन्या बंदुकीमागे कागदांची चळत असते.

काडतूस मात्र तेच. १८८७ चं पॉइंट टू-टू लाँग रायफल हेच ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफल स्पर्धेचंही काडतूस आहे. तिथल्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम बोटाच्या नखाएवढं. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवणारे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे हे याच काडतुसावर तिथवर पोचले. अमेरिकन मुलाला जे परसात बाप शिकवी, ते इथे रेंजवर प्रशिक्षक शिकवतो.

मुंबईतलं एक उदाहरण तर पहिल्या बंदुकीच्या गोष्टींमध्ये कुठेही शोभेल. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे, पुढे पक्षितज्ज्ञ झालेल्या सलीम अलींना मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलं. भाच्याच्या हाती छर्ऱ्याची बंदूक दिली तीही त्यांनीच. एके दिवशी मुलानं पाडलेल्या चिमणीच्या गळ्याशी पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडलं. हे साल १९०८. मिलर्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. भारतीय पक्षिशास्त्राचा पुढचा बराचसा इतिहास तिथून निघाला. मामा स्वतः शिकारी होते आणि बंदूक घरात सहज मिळाली, पण त्या मुलाचं आयुष्य वळलं ते मामांच्या चिठ्ठीनं.

बंदुकीपेक्षा ती देणारं माणूस महत्त्वाचं, हाच निकष कपाटातून निघालेल्या रायफलीच्या वारसाला लावता येतो. ती भिंतीवर लावावी, कुलपात ठेवावी, पोलिसांकडे द्यावी की पुढच्या पिढीला शिकवावी, हा ज्याच्या त्याच्या घराचा आणि तिथल्या कायद्याचा प्रश्न. ती नातवाच्या हाती द्यायचीच असेल, तर आधी स्वतःच्या सवडीचा हिशेब करावा. मॉडेल ६७ मध्ये एका वेळी एकच काडतूस मावतं. ते मुलाच्या हाती देणारा माणूस प्रत्येक वेळी तिथे हजर असेल, असं धरूनच ती रायफल बनवली होती. एवढी सवड नसेल, तर ती कुलपात राहिलेलीच बरी.